सूत कोणाचं

एकतीस मार्चला रात्री अकरा चाळीसला
कंपनीनं आमच्या नावावर दोनशे बारा गाड्यांचं बिल फाडलं.
मागितल्या होत्या साठ.
त्यात एकशे चाळीस काळ्या.
नागपुरात, मे तोंडावर असताना, काळी गाडी!
दुपारी बॉनेटवर पापड भाजून घ्या, बाप्पा.

मी निखारे. वाडीच्या यार्डाचा इन्चार्ज.
काम सोपं आहे :
जी गाडी अजून कोणाची झाली नाही
ती मरू द्यायची नाही.
ऊन अमरावती रोडच्या ट्रकांमागे उतरलं
की रांगेनं इंजिनं सुरू करतो, दहा-दहा मिनिटं.
बॅटरी बसू नये म्हणून.
टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून
हातभर पुढं, हातभर मागं.
सीटवरचं प्लास्टिक पाठीला चिकटतं.
नव्या गाडीचा वास लोकांना आवडतो म्हणे.
माझं त्यानं डोकं धरतं.

साहेबांचे सतरा शोरूम,
वर्धा रोडपासून थेट चंद्रपूरपर्यंत.
बोर्डावर कंपनीचं नाव चार फुटांचं,
खाली हेडाऊ, वीतभर.
ती वीत किती इंचांची
तेही कंपनीच्या पुस्तकात छापलेलं.
फरशीसुद्धा. पांढरी चालत नाही, राखीच,
दिल्लीकडच्या त्याच एका ठेकेदाराची, तो म्हणेल त्या भावात.
तीन वर्षांची फरशी उखडली तेव्हा
मिस्त्री घण खाली ठेवून विचारत होता,
"काऊन फोडून राहिले? एक बी तडा नाही हिला."
कोणी काही बोललं नाही.
घण पुन्हा सुरू झाला.

एप्रिलात कंपनीचा पोरगा आला, अठ्ठावीस वर्षांचा,
बूट इतके स्वच्छ की यार्डात उतरलाच नाही.
एसीत बसून म्हणाला,
पुढच्या वर्षापासून गिऱ्हाईक थेट आमच्याकडे बुकिंग करेल.
भाव आम्ही ठरवू.
तुम्ही फक्त चावी द्यायची, फोटो काढायचा, पेढा भरवायचा.
आपण पार्टनर आहोत, सर.

गाड्यांचं बिल नेऊन द्यायला गेलो होतो म्हणून मी ऐकलं.
साहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं.
म्हणाले, "माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
सूत शेठचं, काठाची नक्षी शेठची, भाव शेठचा.
माग तेवढा आमचा.
आणि लुगडं नाही खपलं
तर ते सूत बापाच्या खात्यावर."

पोरगा हसला. छान गोष्ट आहे, सर, म्हणाला.
मग एक्केचाळीस पानांचा करार पुढे सरकवला,
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सहीची जागा.
साहेबांनी खिशाला हात लावला, पेन काढला नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं :
रिंग रोडला दुसरा डीलर नेमत आहोत,
आपल्या सहकार्याबद्दल आभार.

गाड्या उभ्या आहेत, व्याज तेवढं पळतंय,
रविवारीही, कूलरचं पाणी संपलेल्या रात्रीही.

काल रात्री साहेब एकटेच आले.
शेवटच्या रांगेतल्या काळ्या गाडीत बसले, दार ओढून घेतलं.
मीटरवर चार किलोमीटर :
कारखान्यातून ट्रकपर्यंत, ट्रकवरून इथपर्यंत.
बऱ्याच वेळानं काच खाली झाली.
"निखारे, तुह्या आजाकडे माग होते ना रे?"
"होते साहेब. दोन."
"काय केलं त्याईचं?"
"लोखंड भंगारात. लाकूड चुलीत गेलं."
ते हसले, का खोकले, अंधारात कळलं नाही.

"चालू दे तुझं," म्हणाले.
काच वर गेली.
मी पुढच्या गाडीकडे वळलो.
चौदा झाल्या होत्या,
एकशे अठ्ठ्याण्णव बाकी.