सांगावा

मंगळवारी डावी ग्रंथी काढली.
मसुरीच्या दाण्याएवढी, पिवळसर,
मूत्रपिंडाच्या डोक्याशी चरबीत दडलेली.
तराजू म्हणाला, अठरा मिलिग्रॅम.
टाके मी घातले.
निवृत्ती काळभोर उंदराला तळव्यात धरून
‘झालं रे, झालं’ म्हणत राहिले
बेशुद्ध जनावराला.

शुक्रवारी उजवी काढून पाहिली.
तेवीस.
तीन दिवसांत.
काचपट्टीवर जांभळ्या पेशी,
जागोजागी एकाच्या दोन होताना पकडलेल्या,
जणू रात्री कुणी कडी वाजवून सांगून गेलं :
उठा, पलीकडचं घर रिकामं झालंय.

कोण सांगून गेलं?

रक्त, असं मी बारा वर्षं धरून चालले होते.
पण रक्त म्हणजे दवंडी.
साऱ्या गावात पिटायची,
ज्याला ऐकायची त्यानं ऐकावी.
इनामदार मॅडमनी फळ्यावर एक रेघ ओढली,
डाव्या कुशीतून कण्यात,
कण्यातून वर, मेंदूच्या तळघरात,
तिथून वळसा घेऊन खाली, उजवीकडे.
खडू मोडला, तशीच पुढं नेली.
दवंडी नव्हे, म्हणाल्या, सांगावा.
माणूस धाडून एकाच दारी पोचवलेला.

आणि म्हणाल्या, या ग्रंथीच्या गाभ्यातल्या पेशी
गर्भात असतानाच मज्जातंतूला धरून आलेल्या,
नळ स्टॉपला आंधळ्यानं
दुसऱ्याच्या कोपराला धरून रस्ता ओलांडावा तशा.
ओळख जुनी आहे त्यांची.

मग कापून बघा.
दुसऱ्या गटात कापला,
कण्यातला दोर, एकाच बाजूनं, भिंगाखाली.
रक्त तेच वाहत होतं. दवंडी तीच.
डावी काढली. तीन दिवस थांबलो.
उजवी सतराची सतरा.
तिला कुणी कळवलंच नव्हतं.

आमच्या काचपट्ट्यांच्या खोलीत रेंज येत नाही.
पाषाणातली जुनी इमारत, दोन फुटी दगड.
मार्चमध्ये एका दुपारी
चारशे बारा पेशी मोजून बाहेर पायरीवर आले,
तेव्हा हातातला फोन एकदम थरथरायला लागला.
अकरा मिस्ड कॉल, सगळे भोसरीहून.
जालिंदर.
लेथवर उभ्या उभ्या, चहाची सुट्टी व्हायच्या आत.
समोरच्या सुबाभळीवर
कसलीशी पाखरं भांडत होती, ती भांडतच राहिली.

त्या महिन्यात आईची खुर्ची, गोळ्यांचा डबा,
तिचा पांगुळगाडा सुतारवाडीच्या दोन खोल्यांत आला.
पहाटे चारला उठायला लागले.
सिलिंडर एकटीनं उचलायला लागले.
सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, किती खंबीर झालीस गं.
मी झाले नव्हते काही.
वजन वाढलं होतं, एवढंच.

नोंदवहीत मात्र त्या दिवशीचं पान आहे.
दोन वाजून दहा मिनिटांनी
एकाच चौकटीत तीनदा चुकले,
‘पुन्हा मोजले’ असं माझ्याच अक्षरात.
त्याचा अर्थ लावू नये.
एक नोंद म्हणजे पुरावा नव्हे,
मॅडम रागावतील.

आई कधी कधी आतून हाक मारते,
जाल्या, पाणी आण.
मी ओ देते.

काल काळभोरांनी पिंजरे धुता धुता विचारलं,
ही एकटी राहिलेली, वाढलेली,
पुढं कधी लहान होते का हो परत?
माहीत नाही, मी म्हटलं,
तेवढे दिवस आपण यांना ठेवत नाही.
ते ‘बरं’ म्हणाले,
आणि बाटली उलटी करून
पुढच्या पिंजऱ्याला पाणी लावलं.