डावा पाय, दोन बोटं आखूड

ती आली तेव्हा मी वेल्डिंग करत होतो,
म्हणून आधी तिचे बूट दिसले, मग आवाज आला :
"या स्टुलाचा डावा पाय दोन बोटं आखूड का?"

मी काच वर केली.
कुमासीच्या आमच्या गल्लीत मेलेल्या ट्रकांची हाडं विकतात.
इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं इथे येतात ती
रस्त्यात गाडीनं मान टाकली तरच.
म्हटलं, बाई, चूक नाही ती.
मामे फ्रेमाचं स्टूल आहे.
पंचवीस वर्षं ती डावीकडे वाकून शेगडीला वारा घालते,
केळी भाजते.
सरळ स्टुलावर तिची कंबर धरते.

दुफी अंपोन्सानं वही काढली, लिहून घेतलं,
म्हणाली, "याला डिझाइन म्हणतात."
म्हटलं, आम्ही याला फ्रेमाची कंबर म्हणतो.

त्यावर ती जे हसली,
त्या हसण्यात माझी एकोणीस वर्षं गेली.

बँकेत साहेबानं विचारलं, तारण काय?
तिनं टेबलावर ड्रॉइंग ठेवलं.
त्यानं ते उलटं धरून बराच वेळ पाहिलं,
मग गार पाण्याची एक पिशवी पुढे केली.
त्या वर्षी मिळालेलं कर्ज तेवढंच.

कसावा किसायची यंत्रं केली, चाळीस.
पातं असं की बोट लावायची भीती.
बायकांनी दोन घेतली,
त्यातल्या एकात कोंबडी अंडी घालू लागली.
दुफी महिनाभर त्यांच्या अंगणात बसून राहिली
तेव्हा कळलं : यंत्राच्या आवाजात
किसताना गप्पा मारता येत नाहीत.
हे वहीत कुठल्याच पानावर नव्हतं.
दुसरं यंत्र हळू चालायचं, पुटपुटत.
ते खपलं.

मग शेडमध्ये पोरं आली, पाठीवर लॅपटॉप.
वीज आमच्याकडे दुमसोर, म्हणजे गेली-आली;
गेली की ती पोरं माझ्याकडे यायची,
हातानं पत्रा वाकवायला शिकायची.
कॅमेरे घेऊन पाहुणे आले,
आफ्रिकेच्या भविष्याबद्दल दोन शब्द बोला म्हणाले.
दुफीनं त्यांच्या हातात कानस दिली :
"आधी ही कड घासा, टोचते."
एकानं खरंच घासली. त्याचं पत्र अजून येतं.

किगालीला गेली, डाकारला गेली,
मोठ्या सभांत बोलली, चष्मा लागला,
भागीदार पैसे घेऊन दुबईला गेला
त्या आठवड्यात कुणाशीच बोलली नाही.
सोमवारी आली, झाडू घेतला, शेड झाडली.

गेल्या वर्षी अक्राच्या प्रदर्शनात
ते स्टूल पांढऱ्या ओट्यावर चढलं,
वर दिवा, समोर पाटी : हात लावू नये.
खाली ठळक अक्षरांत तिचं नाव.
तिनं पेन काढलं, शेजारी माझं लिहिलं.
थोडा वेळ पाहत राहिली.
मग दोन्ही खोडली
आणि लिहिलं : फ्रेमाची कंबर.

माझं नाव खोडल्याचा राग
मला अजून येतो, कधी कधी, रात्री.
सांगून टाकतो.

फ्रेमा काही अक्राला आली नाही.
शनिवार होता,
केळी पिकलेली होती,
आणि स्टूल आम्ही उचलून नेलेलं,
म्हणून दिवसभर ती
तेलाच्या डब्यावर बसली, सरळ,
आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ
आम्हा दोघांना शिव्या घातल्या.