कलम सात

लानेल्लीहून फोन. एल्युनेड प्रॉसर, वय एकोणसाठ.
मागे किटलीची शिट्टी.
मी विचारते, सोरायसिसचं पहिलं लक्षण कधी दिसलं?
रकान्यात आठच आकडे मावतात.

थांब हं, ती म्हणते.
चॅपलमध्ये ऑर्गनपाशी पानं उलटत होते,
बाही वर सरकली,
मिसेस पेन्री म्हणाल्या, कोपराला पीठ लागलंय गं.
मी पुसलं. पुसत राहिले.
लिही, पिठाचा रविवार.

मी लिहीत नाही. कलम सात वाचते:
जे बरं होऊन संपतं, त्याचा खर्च कंपनी देईल.
जे संपत नाही, नुसतं येतं-जातं,
ते जुनाट. ते बसत नाही.

म्हणजे पाहुणा चालतो, ती म्हणते,
घरचा नाही.

मग न विचारताच सांगते:
ग्विलिम रोज सकाळी चादर झटकतो.
पुढच्या खिडकीखाली शेजारणीची काळी गाडी,
म्हणून मागच्या खिडकीतून.
चोवीस वर्षांत एक शब्द नाही त्यावर.
हप्ताही तोच भरतो.

पडद्यावरचं घड्याळ लाल झालंय, सहा मिनिटं उलटली.
हेडसेटच्या उशीखाली, डाव्या कानामागे
माझं बोट कधीचं
एका खवल्याची कड उचलतंय.
आमच्याच कंपनीची पॉलिसी आहे माझी.
कुणाला सांगितलेलं नाही.

तारीख लागेल, मी म्हणते.
तूच टाक बाई एखादी, हाताला येईल ती.

मी टाकते: अकरा मार्च, यंदाचा.
बघते.
मग एकेक आकडा मागे घेत जाते.