शिल्लक

साडेसहा. नायडू हॉस्पिटलच्या मागे
नदीवर धुकं, धुक्याला वास,
आणि वाहत येऊन अडकलेल्या गादीवर
खंड्या, घरमालकासारखा.
खळदकर म्हणाले, लिहा.
लिहिलं. खंड्या : एक.

एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी,
टिळक रोड शाखा, खिडकी नंबर तीन.
अंगठ्याला अजून ओला स्पंज आठवतो.
म्हणून थवे माझ्याकडे.
झुडपातले, नुसत्या आवाजाचे, ते तस्नीमकडे;
तिचे कान कोवळे.

थवा एकेक करून मोजायचा नसतो.
दहांचा तुकडा डोळ्यात धरायचा
आणि उरलेल्यांवर ठेवत जायचा.
गड्डी, गड्डी, गड्डी, सुट्टे.
शेकाटे, गुलाबी काड्यांवर उभे : एकशे चाळीस.
हळदीकुंकू बदकं : छप्पन्न,
चोचीला दोन्ही लावून काळ्या पाण्यात.
थापटे हिमालय ओलांडून आलेले म्हणे,
आणि नाल्याच्या तोंडाशीच पंगतीला बसलेले.
घर आवरलेलं नसताना पाहुणे यावेत
तशी मी उगीच पदर सारखा केला.

वरून मेट्रो गेली. सगळं उडालं.
मोजताना मध्येच कुणी
पासबुक भरून मागावं, तसं.
पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या वर्षीचा कागद भागवतांच्या अक्षरात :
"तुतवार? १. शेपूट हलवत होता, म्हणून हो."
भागवत यंदा नाहीत.
खळदकर एवढंच बोलले
आणि स्वच्छ असलेली दुर्बीण पुसत राहिले.
आम्ही तुतवार शोधला. दगड न् दगड.
तस्नीमने शून्य काढलं, गोल, सावकाश.
बँकेत आम्ही रिकाम्या जागी आडवी रेघ मारायचो,
मागाहून कुणी काही भरू नये म्हणून.
इथे शून्यच लिहायचं.
शून्य म्हणजे, आम्ही पाहिलं होतं.

साडेनऊला अॅक्टिव्हाच्या सीटवर चहा आणि बेरीज.
माझे चारशे बारा, खळदकरांचे तीनशे अठ्ठ्याण्णव.
मी उठेचना. चौदाचा फरक!
सात रुपयांसाठी एकदा
अख्खी शाखा रात्री दहापर्यंत बसली होती,
शिपाई वडापाव घेऊन आला होता.
खळदकर हसले. लिहिलं : अंदाजे चारशे.
खाली माझी सही मागितली.

अंदाजे.
हा शब्द माझ्या सहीच्या वर
पहिल्यांदाच बसला.
बरा दिसत होता.

परतताना मनपाच्या स्टॉपवर
गळक्या टँकरखालच्या डबक्यात
काहीतरी चिमुकलं, शेपूट हलवत.
धोबी असेल. तुतवारही असेल.
चष्मा पिशवीच्या तळाशी, डब्याखाली,
आणि कागद तर गेलाच होता
खळदकरांच्या डिकीतून कोथरूडला.
बस आली.

दिवसअखेर रोकड जास्त भरली
आणि कुणाची ते कळलं नाही, तर
आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकायचो,
धनी येईपर्यंत.