हातातले दोनच

मे महिना, दुपारचे तीन, खामल्यातला तिसरा मजला.
कूलरच्या पंपानं मान टाकलेली,
म्हणून रत्नमाला बाल्कनीत उभी राहून
मगानं ताट्या भिजवून राहिली होती.
वाळ्याचा वास, ओली सतरंजी,
भिशीची वही बाजूला सारलेली.
चाळीस वर्षं तीन पत्ती खेळलेल्या आम्ही बायका
नवीन डाव शिकायला बसलो होतो.

शिकवणारा रत्नमालेचा प्रज्वल.
पणजीला पाण्यावरच्या कसिनोत
सहा वर्षं झाली, पत्ते वाटतो.
कावीळ झाली म्हणून घरी आलेला,
डोळ्यांत अजून जराशी हळद.

"ओमाहा," तो म्हणाला.
"कोनाचा मामा?" सिंधू गजभियेनं विचारलं.

चिंचोका दहाचा, संत्रागोळी शंभराची.
पहिला डाव वाटून होईपर्यंत
सिंधूनं तीनशे रुपये चघळून टाकले होते.

"चार पत्ते हातात. पाच मधे, उघडे.
हातातले दोन घ्यायचे, मधले तीन.
कमी नाही, जास्त नाही."
मी एजी ऑफिसात एकतीस वर्षं
लोकांच्या बेरजा तपासल्या.
दोन आणि तीन पाच
मला काय शिकवतो हा, म्हटलं.

चौथ्या डावाला पत्ते उचलले
तर इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का, किलवरचा एक्का.
चौथी कसलीशी पंजी.
पोटात गार झालं, कूलर बंद असून.
एक्क्यांची ट्रेल!
जन्मात दोनदाच आली होती,
एकदा दिवाळीत, एकदा सासऱ्यांच्या तेराव्याला,
तेव्हा दाखवता आली नव्हती.

मधे पडत गेले: नव्वी, गुलाम, दुर्री,
मग सत्ती, मग दस्सी.
मी बघितलंच नाही तिकडे.
सगळे चिंचोके ढकलले, गोळ्या ढकलल्या,
चष्म्याचं घर ढकललं, ते प्रज्वलनं परत दिलं.

सिंधूनं राणी टाकली आणि अठ्ठी टाकली.
"हे काय होते बा?"

"आठ, नऊ, दहा, गुलाम, राणी," त्यानं बोट फिरवलं.
"सीक्वेन्स. काकू जिंकल्या."

"आन् माझे तीन एक्के?"

"मावशी, हातातले दोनच.
तुमची फक्त जोडी."

"मग तिसऱ्याचं करायचं काय?"

"काहीच नाही. तो कामाचा नाही.
तुमच्याकडे आहे, म्हणजे
डावात येणार नाही, एवढंच."

मला उगाच बेसा रोडचा प्लॉट आठवला.
चोवीस वर्षं झाली, तारेचं कुंपण.
ना मी बांधला, ना विकला,
कोणाच्या तरी बकऱ्या चरतात.
मी काही बोलले नाही. पत्ते गोळा केले.

तो पाणी प्यायला उठला.
उठताना टाळी वाजवली, हलकी,
आणि दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून
वर पंख्याकडे दाखवले.

"हे काय करतं बे सारखं सारखं?" रत्नमाला.
"सवय आहे. कॅमेऱ्याला दाखवा लागते.
काही घेतलं नाही म्हणून."
"घरात कुठचा कॅमेरा?"
तो हसला. तळवे मात्र अजून तसेच, हवेत.

"तू खेळतो का रे तिथं?" मी विचारलं.
"नाही. डीलरनं नाही खेळायचं."
"सहा वर्षांत?"
"पत्ते वाटतो फक्त."

मग गड्डी मी ओढून घेतली.
माझं पिसणं ऑफिसातल्या फायलींसारखं,
दोन पत्ते सटकून सतरंजीखाली गेले,
पण वाटले. चार त्याच्यापुढे.
रत्नमालेनं मूठभर चिंचोके सरकवले,
मोजले नाहीत.

त्यानं पत्ते उचलले ते असे,
जसं कोणी झोपलेलं मूल हातात द्यावं
आणि कुठून धरायचं ते कळू नये.
बराच वेळ बघत बसला.
वाऱ्यानं ताटी थेंब गाळत होती.

"बोल ना बाप्पा," सिंधू म्हणाली, "चाल का पॅक?"

सगळा डाव हरला तो. वाईट खेळला,
आमच्यापेक्षाही वाईट.
उठला, टाळी वाजवली,
रिकामे तळवे पंख्याला दाखवले,
आणि डाव्या गालात
शंभराची एक संत्रागोळी.