एकतीस घरं, एक पाइप

तांडापेठेत मे महिन्यात नळ येतो पाच ते सात.
गल्लीत घरं एकतीस.
पाचला मोटर लावायची की सहाला,
एवढाच प्रश्न. पण रोज.

ज्या तासाला मोटरा कमी, त्या तासाच्या टाक्या भरतात.
बाकीच्यांच्या नळातून नुसती हवा,
आणि भिंतीपलीकडून बोकडेकाका,
"काहून बे, तुह्याकडं येऊन राहिलं का?"

एकतीस विषम आहे. बरोबरी होत नाही.
कितीही शहाणपणा केला तरी
सोळा जण हरणारच, कमीत कमी सोळा.
हे मी प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं.
बादली रिकामी होती त्या दिवशी.

प्रत्येकाला आठवतात गेले तीन दिवस.
तीन दिवसांचे भूतकाळ आठ,
आठांना उत्तरं द्यायच्या रीती दोनशे छप्पन्न,
त्यातल्या दोन-दोन उशाशी घेऊन
एकेक जण झोपतो गच्चीवर
आणि मनातल्या मनात गुण देतो
जी वापरली नाही तिलाही.

बोकडेकाकांना एकदा सूत्र सापडलं:
दोनदा पाच फळलं की तिसऱ्यांदा सहा.
मंगळवारी त्यांची टाकी वाहिली.
त्यांनी मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्यानं सलूनमध्ये,
शनिवारी सगळी गल्ली सहाला उठली
आणि सूत्र कोरडं पडलं.
कुणी खोटं बोललं नव्हतं.
खरं होतं, ते सगळ्यांना कळलं, एवढंच.

परातेसर म्हणतात, आठवण आखूड असली की कळप होतो,
फार लांब असली की नुसती नाणेफेक.
मधे कुठंतरी एक जागा असते,
तिथं आलेख खाली वाकतो,
कुणी कुणाशी न बोलता
पाणी जरा बरं वाटलं जातं.
ती जागा मला कागदावर सापडली.
गल्लीत अजून शोधतोय.

आलेखात एकच रेघ सरळ होती.
"ही कोण?" सरांनी बोट ठेवलं.
ही नंदनवारमावशी. रोज पाच. भरो न भरो.
साडेसहाला तिला कॉटन मार्केटात
सांभाराच्या जुड्या घेऊन बसायचं असतं.
आपण कुठल्या डावात आहोत हे तिला ठाऊक नाही.
मी खाली टीप दिली होती:
अविचल घटक, परिणाम नगण्य.

मग ती उमरेडला गेली, लेकीच्या बाळंतपणाला,
आणि गल्लीला ताल सापडेना.
एका दिवशी पाचला सत्तावीस मोटरा,
दुसऱ्या दिवशी पाचला चार.
फ्यूज उडाला. हेडाऊंच्या दोन्ही सुना
एका हंड्यावरून आठवडाभर अबोल.
इतके दिवस आम्ही तिच्याच मोटरीच्या आवाजाला टेकून
आपापली हुशारी चालवत होतो.

नगण्य खोडलं.
तिथं लिहायला अजून शब्द मिळालेला नाही.

आज ती परत आली.
पाचला भिंतीमागे घरघर सुरू झाली.
तीस घरांत तीस माणसं जागी, अंधारात, मोजतायत.
माझा हात बटणावर.