खिडकी चार सोडून

गुरुवारी रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
पुंता आरेनासच्या फेरी कचेरीतले एकतीस संगणक
आपले आपण जागे होतात.
कोणी बटण दाबत नाही, कोणी कॉफी पीत बसत नाही.
एक आज्ञावली यादी वाचते:
ब्राउझर, प्रिंटर, हवामानाचा नकाशा, पगाराचा तक्ता.
कुणाचं काय जुनं झालंय ते बघते,
नवं उतरवून घेते, बसवते, मागचं झाडून टाकते,
आणि पाचच्या आत सगळे पुन्हा झोपलेले.
बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा
छपराचा पत्रा उचकटायचा
आपला जुनाच प्रयत्न करत असतो.

हे सगळं बाल्डोमेरोनं लिहून ठेवलेलं.
निवृत्त होताना त्यानं मला किल्ल्या दिल्या,
एक बिनकानाचा कप दिला, आणि सांगितलं,
"हिमेना, चालतंय तोवर उघडून बघू नकोस."

मी उघडलं.

यादीच्या तळाशी एकच ओळ, उलट्या हुकमाची:
खिडकी चार, तिकिटांचा प्रोग्राम, वगळा.
शेजारी त्याची टीप, अकरा वर्षांपूर्वीची:
"नव्या आवृत्तीत बटण करडं केलंय मूर्खांनी.
एदुविहेसला करडं दिसत नाही.
पिवळंधमकच राहू दे."

अकरा वर्षं तीस यंत्रं पुढे जात राहिली
आणि एक, काचेआड, मागे थांबलं
एका बाईच्या डोळ्यांसाठी.
जुन्या प्रोग्रामला भोकं पडत होती,
राजधानीहून पत्रं येत होती: धोका, धोका, ताबडतोब.
तो दर वेळी हातानं ठिगळ लावायचा.
ठिगळांच्या तारखा आहेत फायलीत;
एक तर नाताळच्या रात्रीची.

या खेपेला पत्र माझ्या नावानं आलं.

खिडकी चारवर गेले तर रांग होती:
लोकर कातरणारे दोघे, एक नन,
गिटारीचं रिकामं खोकं घेतलेलं एक पोरगं.
"पोर्वेनिर?" एदुविहेस प्रत्येकाला विचारत होती.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ येणारा काळ;
गाव मात्र पलीकडच्या काठावर,
पत्र्याच्या छपरांचं, दोनेक तासांवर.
"जायचं-यायचं, की नुसतं जायचं?"

मी म्हटलं, तुमचं ते पिवळं बटण...
ती म्हणाली, "कुठलं?"
बोट एफ सातवर होतं,
कळीवरचा आकडा झिजून गुळगुळीत.
"मी पडद्याकडे कधी बघितलंच नाही, पोरी.
तो महिन्यातून एकदा यायचा, वाकून विचारायचा,
दिसतंय ना नीट?
मी म्हणायचे, दिसतंय.
एवढा वाकलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?"
मग तिनं तिकीट फाडलं,
चिल्लर मोजली, बोटांच्या पेरांनी.

त्या गुरुवारी मी ती ओळ खोडली.
खोडायला एक कळ पुरते.
तीन दहाला घरी जागीच होते,
ऐकू काहीच येणार नव्हतं तरी.
सकाळी खिडकी चारवरचं बटण करडं,
तिकिटं मात्र पूर्वीसारखीच, किंचित तिरकी छापलेली.

आठ वाजता बाल्डोमेरोचा फोन.
गुरुवारी अजून तीन दहाला डोळे उघडतात म्हणाला,
मग झोप कसली.
हवेबद्दल बोलला. गुडघ्याबद्दल.
बोलणं संपत आल्यावर,
जसं काही आत्ताच आठवलं: "आणि चार नंबर?"

काचेपलीकडे एदुविहेस कुणाला तरी विचारत होती,
जायचं-यायचं, की नुसतं जायचं.

"पिवळं आहे," मी म्हटलं.
वाऱ्यामुळे दोनदा सांगावं लागलं.